दंडावरचा शुगर सेन्सर: ७ महिने वापरल्यानंतर

११ सेन्सर लावून झाले, आता लिहायला हरकत नाही. मला टाइप २ डायबिटीस आहे, रात्री इन्सुलिन घेतो.

आधी एक क्लिअर करतो, हा रक्तातली शुगर मोजतच नाही. दंडात साधारण ५ मिमीची केसासारखी तार जाते, ती पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर बघते, तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, त्याची साखरेशी रिॲक्शन झाली की बारीकसा करंट येतो, तो मोजायचा. मूळ आयडिया १९६२ची, लिलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाची! नवीन काय, तर हे १४ दिवस दंडावर टिकतं आणि फोनवर दिसतं.

आता त्या पाण्यात साखर पोचायला ५-१० मिनिटं लागतात. त्यामुळे जेवल्यावर ग्लुकोमीटर १९० आणि ॲप १६०, हे बघून पहिल्या आठवड्यात मी इतका वैतागलो की दिवसातून सहा-सहा वेळा बोट टोचायला लागलो, म्हणजे ज्या कटकटीतून सुटायला घेतला तीच वाढवून बसलो. मग कळलं की आकड्यापेक्षा ॲपमधला बाण बघायचा, शुगर चढतेय की उतरतेय ते तो दाखवतो. १४० आणि बाण आडवा, निवांत. १४० आणि बाण सरळ खाली, खिशातली साखर काढा.

खरा धक्का संकष्टीला. साबुदाण्याची खिचडी, एकच वाटी हां, ११८ वरून पाऊण तासात २३१. म्हणे उपास! उलट आधी मटकीची उसळ आणि काकडी खाऊन मग भाकरी खाल्ली की चढ बराच कमी येतो, हे माझं तरी.

एकदा रात्री ३ला अलार्म, ५४. बायको गुळाचा डबा घेऊन धावली, बोट टोचलं तर १०२. सेन्सरच्याच कुशीवर झोपलो होतो, तो दाबला गेला की खोटं लो, म्हणजे शुगर कमी, दाखवतो. तेव्हापासून लो आला की आधी बोट, मग गूळ. अर्थात घाम, थरथर असेल तर थांबू नका, सरळ गूळ.

एक सेन्सर नवव्या दिवशी मेला. कस्टमर केअरला सिरीयल नंबर हवा, तो खोक्यावर, खोकं कचऱ्यात. खोकी १४ दिवस ठेवा बाबांनो.

खर्च जड आहे, म्हणून आता महिन्याआड लावतो. आता ग्लुकोज आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, तेव्हा रक्तात वाढणारं आम्ल) एकाच तारेवर मोजायचं काम चालू आहे म्हणतात, टाइप १वाल्यांना ते जास्त कामाचं. इन्सुलिनवर असाल तर डॉक्टरांना विचारून घ्याच. नुसत्या गोळ्यांवर असाल तर दोन सेन्सर पुरे, तेवढ्यात आपली खिचडी कुठली ते कळतं.