लाल विंचूदंश: नुसतं प्राझोसिन की जोडीला प्रतिविषही?
कोकणात लाल विंचू चावला, दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, की प्राझोसिनची गोळी आधी: किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. विषाला हात लावत नाही. पहिल्या डोसनंतर रक्तदाब घसरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवा, मुलाला कडेवर घेऊ नका.

प्रतिविष रक्तातलं मोकळं विष निकामी करतं. उशीर झाला की फायदा घटतो. ॲलर्जी उसळू शकते, तेव्हा ॲड्रेनॅलिन हाताशी हवंच.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० रुग्ण होते. दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. प्रतिविष मिळेपर्यंत गोळी मात्र अडवून ठेवू नये.