ट्रेकला वाट दाखवायला फोन की हँडहेल्ड जीपीएस?

नेटवर्क नसलं तरी फोनचं जीपीएस चालतं, नकाशा आणि जीपीएक्स फाइल (वाटेची नोंद असलेली फाइल) मात्र आधी उतरवून घ्यावी लागते, हे माहीत आहे असं धरतो. प्रश्न एवढाच, की फोन असताना वेगळं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं स्वतंत्र जीपीएस यंत्र, घ्यावं का?

अचूकतेवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. उभ्या कड्याखाली सिग्नल खडकावर आपटून येतो, आपली जागा दाखवणारा ठिपका दोन्हींवर भरकटतो. उन्हात स्क्रीन वाचायला, ओल्या हातांनी वापरायला आणि वाटेत सेल बदलायला हँडहेल्डच सरस, हे मान्य.

माझं घोडं अडलं ते फाट्यावर. धारेवरून तीन वाटा फुटल्या की कुठली नाळेत (डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीत) उतरते, कुठली पुढे परत मुख्य वाटेला मिळते, हे एका नजरेत दिसायला हवं. हँडहेल्डच्या अडीच-तीन इंची पडद्यावर झूम केलं की आजूबाजूचं काही दिसत नाही, मागे आलं की पायवाटाच गायब. बटणं दाबत नकाशा सरकवायचा आणि तो पुन्हा उमटेपर्यंत ताटकळायचं. फोनवर हेच काम दोन बोटांत होतं.

फोनची खोड वेगळी. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवणारी व्यवस्था अ‍ॅपचा गळा आवळते आणि ट्रॅकमध्ये, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीत, दरी ओलांडणारी सरळ रेघ उमटते. परतीला ती रेघ कुचकामी. म्हणून बॅटरी सेव्हर बंद ठेवा, त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमधला निर्बंध काढा, आणि निघण्याआधी स्क्रीन बंद ठेवून किलोमीटरभर चालून ट्रॅक तपासा. काही फोन अपडेटनंतर ही सेटिंग गुपचूप मूळपदावर आणतात, असं दिसतं.

दुसरं, जागा शोधायला लागणारी उपग्रहांच्या कक्षेची माहिती फोन एरवी नेटवरून घेतो. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहाकडूनच यावी लागते. दर 30 सेकंदांनी ती पुन्हा प्रसारित होते, पण झाडीत सिग्नल तुटला की थांबणं आलं. पायथ्याला, मोकळ्यावर ठिपका पक्का करून मगच एअरप्लेन मोड लावा आणि त्यानंतर लोकेशन सुरूच आहे ना, ते बघा.

पावसात थेंबांना फोन बोटं समजतो आणि नकाशा कुठच्या कुठे पळतो. पातळ पारदर्शक पाउच लावला की बरंच निभावतं. ओएसएमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये व्हॉल्यूमच्या बटणांनी झूम करायची सोय आहे, ती सुरू करून ठेवावी. चुंबकवालं कव्हर घरीच ठेवा, होकायंत्र बिघडतं.

बर्फात हातमोजे घालून अनेक दिवस चालायचं असेल तर हँडहेल्ड घ्यावं, त्यात दुमत नसावं. शून्याखाली फोन चार्ज करणंही बॅटरीला मानवत नाही. एरवी एक-दोन दिवसांच्या ट्रेकला 10,000 एमएएचची पॉवर बँक घ्या आणि सोबत्याच्या फोनवरही तेच नकाशे उतरवा. पर्याय म्हणून तो दुसरा फोन मला हँडहेल्डपेक्षा उजवा वाटतो.