रायफल गळ्यात की गाडीत?

बाजारात, जत्रेत, सभेच्या दारात उभ्या असलेल्या पोलिसाकडे एके-४७ रायफल असावी की पिस्तूल-लाठीच बरी? पोलिसातून निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. मी दोन्ही बाळगून ड्युटी केली आहे, त्यामुळे बोलतो. सरहद्दीच्या किंवा नक्षलग्रस्त भागातल्या पोलिसाचं मत वेगळं असेल आणि ते मी मान्य करीन.

एकेची बाजू हलकी नाही. २००८ साली सीएसटीवर आपल्या लोकांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आणि लाठ्या होत्या, समोर अतिरेक्यांकडे एके. तुकाराम ओंबळ्यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या पोटात घेतल्या. हे आठवलं की ‘रायफल नको’ म्हणायला जीभ रेटत नाही.

पण म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मी विसरत नाही. एके गळ्यात, उजवा हात मुठीवर, डावा पुढच्या लाकडावर. गर्दीत कुणाचा धक्का लागला की पहिल्यांदा सेफ्टी चाचपायची. पोर हरवलेली एक बाई घाबरीघुबरी माझ्याकडे आली, नळी बघून थबकली आणि वळून चणेकाराला विचारायला गेली. मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. पुढे एका जनसुनावणीच्या दारात तशीच एके घेऊन उभा राहिलो. हातात लिहून आणलेला कागद असलेले एक आजोबा आत न जाताच परत फिरले. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमात आहे. त्या दिवशी तो माझ्यामुळे दारातच अडला, असं मला अजून वाटतं.

लाठी काखेत मारली की हात मोकळा राहतो. माणूस जवळ येतो, कानाशी लागून सांगतो. २००९ साली दिवाळीच्या आदल्या दिवशी मडगावात स्कूटरवर स्फोट झाला. तशा वेळी रायफल काय करणार? ‘पात्रांव (साहेब), ती स्कूटर कुणाची?’ असं विचारणारा माणूस हवा, आणि त्याला पोलिसाजवळ यावंसं वाटायला हवं.

शिवाय एकेची गोळी ३०० मीटरवरही जीव घेते. बाजारात पाठीमागे दहा पावलांवर मासळीवाली बसलेली असते.

म्हणून माझा कल पिस्तूल-लाठीकडे. एके क्यूआरटीच्या, म्हणजे तातडीने धावून जाणाऱ्या तुकडीच्या, गाडीत असावी, नेमबाजीचा नियमित सराव असलेल्यांच्या ताब्यात, आणि गाडी बाजाराच्या तोंडाशी उभी. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, ती कुणाच्या सांगण्यावरून निघाली, ते त्याच दिवशी रजिस्टरात लिहिलेलं असावं.