एकादश म्हणजे ५,५११ रुपये

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. म्हणजे 'श्रद्धेपायी फसला' असं कुणी म्हणायला नको.

वाराणसीला दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची आरती आईला बघायची होती. पायऱ्यांवर बसून ती फुकट दिसते. पण आईचे गुडघे! म्हणून नावेत दोन जागा घेतल्या, माणशी ३००. तिथवर ठीक.

आरतीच्या वेळी नावा एकमेकींना खेटून उभ्या असतात. चहावाले, दिवेवाले या नावेतून त्या नावेत फिरतात. तसेच एक पंडितजी आले. आईच्या हातात दिव्याचा द्रोण, माझ्या तळहातावर पाणी, फूल, तांदूळ. दक्षिणा किती, हे मी विचारलं होतं, बरं का! "जो श्रद्धा हो." (हे ऐकलंत की हात झटका आणि उठा.) "पिताजी हैं?" नाहीत म्हटलं. गोत्र माहीत नाही म्हटलं, तर "कश्यप" लावून मोकळे. "मेरे पीछे बोलिए." बोललो. माझ्या लेखी ते नुसते आवाज होते. त्यात "एकादश ब्राह्मण भोजन" आलं, तेही बोललो.

मी नाशिकचा. रामकुंडावर आकडा आधी ठरवतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. घरात दर एकादशीला साबुदाणा भिजतो. आणि एकादश म्हणजे अकरा, हे मला तेव्हा सुचू नये?

पाणी सोडल्यावर हिशेब आला. एका ब्राह्मणाचे ५०१, अकरांचे ५,५११. "गंगामैया के सामने बोला है आपने." समोर थरांचे पितळी दिवे फिरतायत, घंटा, शंख, माझं भांडण मलाच ऐकू येईना. नावाडी त्यांच्याच बाजूचा. अख्खी नाव आमच्याकडे बघतेय. आई म्हणाली, "दे रे, बाबांच्या नावानं आहे." पापाला नाही, लोकांना भ्यालो. क्यूआर स्कॅन केला तर नाव कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं! तरी पिन टाकला. दिव्याचे ५० वेगळे.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत पाऊण तास बसवलं. "दान को ठगी कैसे लिखें?" मी म्हटलं, दान नाही, वसुली आहे. "पिन किसने डाला?" दुकानाचं नाव दाखवलं, तर साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही, वर, "मानते नहीं तो बैठे क्यों?" हेल्पलाइनवाली म्हणाली बँकेत जा, बँक म्हणाली पोलिसांचा कागद आणा, आणि कागद द्यायला चौकी तयार नाही! नाशिकला परतल्यावर शाखेत दोन खेटे घातले. तिथल्या बाईंनी हसू दाबत विचारलं, "पूजा झाली ना पण?"

तळहातावर कुणाला काही ठेवू देऊ नका. आईवडिलांचं नाव निघालं की खिशावर हात ठेवा.

आई नातेवाइकांना फोन करून सांगतेय, काशीला अकरा ब्राह्मण जेवू घातले. काल बँकेचा मेसेज आला: तक्रार बंद केली आहे, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?