लिक्विड कूलर की एअर कूलर? एएमडीच्या रायझन 5 7600 प्रोसेसरसाठी कोणता घेऊ विचारणाऱ्या भावासाठी

भावा, 7600 हा 65 वॉटचा प्रोसेसर, बॉक्समध्ये कूलर फुकट येतो, त्याला लिक्विड (पंपाने पाणी फिरवून थंड करणारा कूलर) लावणं म्हणजे पैसे जास्त झालेत.

पैशाचं बघ. बऱ्यापैकी टॉवर एअर कूलर (उभा धातूचा हीटसिंक आणि त्याला फॅन) अडीच-तीन हजारात बसतो, 360 मिमी रेडिएटरचा लिक्विड त्याच्या तिप्पट तरी जातो.

टिकण्यात तर एअरच पुढे, कारण त्यात बिघडणार काय तर फॅन, तो बदलला की झालं, हीटसिंक म्हणजे नुसता धातू, त्याला काय होतंय. लिक्विडचा पंप कधीतरी जातो, पाणीही नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं उडतं आणि बहुतेक सीलबंद असल्याने परत भरता येत नाही. गळतं क्वचितच, पण गळलं तर खाली ग्राफिक्स कार्ड असतं राव! आणि मे महिन्यात रूम 38 डिग्री असेल तर दोघंही प्रोसेसरचं तापमान त्याच्या खाली नेऊ शकत नाहीत, लिक्विड म्हणजे एसी नव्हे.

पण इंटेलच्या आय9 14900के सारखा 253 वॉट खेचणारा प्रोसेसर घेऊन तासन्‌तास रेंडरिंग करणार असशील, किंवा केस (पीसीची पेटी) एवढी अरुंद की 155-160 मिमीचा टॉवर बसतच नाही, तर लिक्विड घे. गेमिंग, ऑफिस, कोडिंगला एअर. उरलेल्या पैशात एसएसडी (स्टोरेज) मोठी टाक.