बीएस्सीला केमिस्ट्री घेऊ का मॅथ्स-स्टॅट? (पीजीचं अजून ठरलेलं नाही त्यांच्यासाठी)

भाची अमळनेरची, बारावी झाली, इंजिनिअरिंग नको म्हणते आणि पुढे एमएस्सी करायची का एमसीए का अजून काही ते तिलाच माहीत नाही. फोनवर तासभर बोललो तेच इथे टाकतोय, आपल्याकडे दर जूनमधे घरोघरी हाच घोळ.

एमबीए, बीएड, युपीएससी यात धरूच नका, ते कुठल्याही डिग्रीवर होतं. फरक पडतो तो एमएस्सी-एमसीएला.

केमिस्ट्री मी स्वतः केली. खान्देशात तिला गर्दी का, तर नोकरी डोळ्याला दिसते. ऑरगॅनिकमधे एमएस्सी करायची, नंदुरबारवरून सुरतकडची गाडी धरायची, अंकलेश्वर नाहीतर वापीला गावातलं कोणी ना कोणी केमिकल कंपनीत असतंच, पहिले दोन महिने त्याच्याच रूमवर. पण ऑरगॅनिक घ्या, ॲनालिटिकल घ्या, फिरून केमिस्ट्रीतच. आणि ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला, फिकट गुलाबीचा गडद झाला की रीडिंग पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षं हे ज्याला जमतं त्यानेच जावं. मला जमेना, शेवटच्या वर्षाला एमसीए बघितलं तर तेव्हाच्या नियमात बारावीला किंवा डिग्रीला गणित पाहिजे, आणि माझा बारावीला बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी बायोलॉजी. फॉर्मच भरता आला नाही.

मॅथ्स-स्टॅटचं, म्हणजे गणित-संख्याशास्त्राचं, उलटं आहे. इथून मॅथ्स, स्टॅट, एमसीए, डेटा सायन्स, इकॉनॉमिक्सचं एमए, आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एमस्टॅट, सगळीकडे जाता येतं, बाहेरून गणितात शिरणं मात्र अवघड. आयआयटीच्या जॅमला, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला, सात पेपर असतात, दोन देता येतात, त्यात मॅथमॅटिक्स आणि मॅथमॅटिकल स्टॅटिस्टिक्स ही जोडी बसते, कॅल्क्युलस-मॅट्रिक्स दोन्हीकडे तेच. तोटा असा की नुसत्या बीएस्सीवर जळगावात क्लास घेणं सोडलं तर फार काही नाही, आणि बारावीला गणितं पाठ करून नव्वद पाडलेले रिअल ॲनालिसिसला आपटतात, तिथे गणित सोडवायचं नसतं, सिद्ध करायचं असतं. मार्कच कमी पडले तर उघडी दारं काय चाटायची?

बीसीए एमसीएसाठी ठीक, बाकी एमएस्सीला उपयोग कमी. बीए इकॉनॉमिक्स चांगलं आहे, पण दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी जायचं तर तिथेही गणित विचारतातच.

आता एनईपीमुळे (नवीन शैक्षणिक धोरण) २०२४-२५ पासून आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांतही मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडीचा विषय, आलंय, आणि चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर पीजी एका वर्षाचं. म्हणजे केमिस्ट्री मेजर, मॅथ्स मायनर असं करता येतं. उलटं केलं तर केमिस्ट्रीच्या एमएस्सीला बहुतेक ठिकाणी अडतं, तिथे ती मेजरच लागते.

माझं मत मॅथ्स-स्टॅट, तिला तसं सांगितलंही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणते, "मामा, माले लॅबच आवडस." मग काय, केमिस्ट्री घे पण मायनरला गणित सोडू नको म्हटलं. आता सोमवारी कॉलेजात जाऊन टाइमटेबल बघायचंय, कारण मायनर कागदावर असतो आणि त्याचं लेक्चर नेमकं प्रॅक्टिकलच्या वेळेला.