वेंगेन की झेरमाट?

लहान मुलांसह स्कीइंगची सुट्टी घालवायची असेल, तर स्वित्झर्लंडमधील या दोन मोटारमुक्त गावांपैकी मी वेंगेनला झुकते माप देईन. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या रेल्वेने येथे पोहोचता येते आणि नवशिक्यांचा उतार गावाच्या मध्यभागीच असल्याने, बोटे गारठून रडू लागलेल्या मुलाला लगेच खोलीवर नेता येते. झेरमाटमध्ये मात्र मुलांच्या वोली पार्कसाठी जड बूट घालून, सगळ्यांच्या स्की सांभाळत, भुयारी रेल्वेने सुनेगापर्यंत चढावे लागते. बर्फाच्या बाबतीत पारडे फिरते: वेंगेन सुमारे १,२७० मीटर उंचीवर असल्यामुळे उबदार हिवाळ्यात तेथील खालच्या उतारांवर बर्फ टिकत नाही, तर झेरमाटचे हिमनदीवरील उतार ३,८०० मीटरपलीकडे पोहोचतात. म्हणून नाताळातच जायचे असेल आणि मुले सरावलेली असतील, तर झेरमाटचा जादा खर्च सार्थकी लागतो.